धरून उठवलं की घेरी का येते?

अकरा दिवसांत तन्मयीला चौदा वेळा घेरी आली. त्यातल्या बारा वेळा विजूआत्यानं तिला दोन्ही काखांत हात घालून अगदी अलगद उठवलं होतं. आपली आपण ती नऊदा उठली होती, आणि त्यात घेरी आली फक्त दोनदा.

हे आकडे तिनं स्वतः वहीत टिपले होते. चंद्रावरच्या वसाहतीत हवा आणि पाणी मोजूनच मिळतं, त्यामुळे तिथल्या मुलांना मोजायची सवय लागते. माणसं मोजायची खोड मात्र तन्मयीची स्वतःची. विजूआत्या दिवसाला सरासरी सव्वीस वेळा "पड जरा" म्हणते, हेही त्याच वहीत होतं.

तन्मयी चार वर्षांची असताना आईबाबांबरोबर चंद्रावर गेली. आता ती बारा वर्षांची होती आणि मिरजेत आत्याकडे राहून सातवीत जाणार होती. अट एकच. पंधराव्या दिवशी अवकाश आरोग्य केंद्रात आधाराशिवाय दहा मिनिटं उभं राहून दाखवायचं. जमलं नाही तर पुढच्या यानानं परत, आणि पुन्हा अर्ज करायला दोन वर्षं थांबायचं. परतीच्या यानात तिची जागा आधीच राखून ठेवली होती. हे तिला फार झोंबलं होतं.

"मी जाणार नाही," ती म्हणाली. "थिरोबा, इकडे ये. आधार दिला की मी पडते आणि नाही दिला की उभी राहते. हे उलटं कसं?"

थिरोबा म्हणजे केंद्रानं सोबत दिलेला यंत्रमानव. त्याचं खरं नाव स्थिर-४. पण आत्यानं पहिल्याच दिवशी त्याच्या कपाळाला कुंकू लावून त्याचा थिरोबा करून टाकला होता.

"हे विचारशील म्हणून मी अकरा दिवस वाट बघतोय, ताई."

"मग आपणहून सांगायचं ना!"

"आत्याबाईंची तंबी होती. पोरीच्या डोक्याला ताप द्यायचा नाही म्हणून."

स्वयंपाकघरातून भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. आत्याचे कान इकडेच होते तर.

"आडवं असताना रक्त अंगभर सारखं पसरलेलं असतं," थिरोबा सांगू लागला. "उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त खाली पोटाकडे, पायांकडे उतरतं. मग मेंदूला कमी पडणार. पण तुझ्या मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत रक्तदाबग्राही (रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा ताण ओळखणारे चेतातंतू) असतात. ताण कमी झाला की ते लगेच मस्तिष्कपुच्छाला (मेंदूच्या तळाशी, मानेकडच्या बाजूला असलेल्या भागाला) कळवतात."

"आणि तो काय करतो?"

"स्वायत्त चेतासंस्थेला (आपल्याला न विचारता हृदय, रक्तवाहिन्या, पचन सांभाळणाऱ्या चेतांच्या जाळ्याला) कामाला लावतो. तिच्या दोन शाखा आहेत. परानुकंपी शाखा हृदयाला आवरून धरते, तिची पकड सैल होते. अनुकंपी शाखा हृदयाला पळवते आणि रक्तवाहिन्या आवळते. रक्त पुन्हा वर. हे सगळं काही सेकंदांत होतं."

"माझ्यात होत नाही?"

"होतं, पण उशिरा आणि अर्धवट. चंद्रावर वजन सहाव्या हिश्शाचं, त्यामुळे रक्त खाली फारसं उतरतच नव्हतं. काम नाही, म्हणून ही यंत्रणा सुस्तावली. शरीरानं रक्तातलं पाणीही कमी करून टाकलं. त्यात बिघाड काही नाही. तिथं राहायला शरीर शिकलं होतं, एवढंच."

तन्मयी ताठ बसली. "शिकलं असेल तर पुन्हाही शिकेल. पण आत्याच्या हाताचं काय?"

"तू आपली आपण उठायचं ठरवतेस तेव्हा वरचा मेंदू स्नायूंना हुकूम देतो आणि त्याच वेळी खाली मस्तिष्कपुच्छालाही कळवतो की आता उठणार. हृदय आधीच तयारीला लागतं. शिवाय पोटऱ्या आवळल्या जातात आणि रक्त वर ढकलतात. बाई उचलतात तेव्हा आगाऊ निरोप जात नाही आणि पोटऱ्याही ढिल्याच राहतात. दिवसभर आडवं राहिल्यावर ग्राहींना सरावही नाही."

आत्या दारात उभी होती. हाताला पीठ, डोळ्यांत पाणी.

"म्हणजे माझ्या हातानं पोरगी पडते? घरी आलेल्या पाहुणीला मी ताटसुद्धा उचलू देत नाही, ते काय तिला पाडायला?"

"आत्या, तू मला फार चांगलं पाडलंस," तन्मयी म्हणाली. "उशी-बिशी लावून."

आत्याला हसू आलं. ते तिनं पदरानं पुसलं की डोळे पुसले, हे काही वहीत लिहिता आलं नाही.

चार दिवस उरले होते. थिरोबानं आखून दिल्याप्रमाणे तन्मयी आधी पलंगाच्या काठावर पाय सोडून बसायची, पोटऱ्या वीस वेळा आवळायची, मग भिंतीशी उभी राहायची. खाली आत्यानं दोन गाद्या घातल्या. पाण्याचा तांब्या दर तासाला रिकामा व्हायचा. पहिल्या दिवशी ती दोन मिनिटं उभी राहिली. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी ती घाबरली, भराभरा श्वास घेऊ लागली आणि तिसऱ्याच मिनिटाला गादीवर कोसळली.

"मागे गेले!" ती रडवेली झाली.

"भीतीही वरूनच खाली जाते," थिरोबा म्हणाला. "भराभर श्वासानं मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. आणि भीती फार झाली की कधीकधी हृदयाला एकदम आवर बसतो. श्वास सावकाश सोड. मस्तिष्कपुच्छ शब्द ऐकत नाही, श्वास ऐकतं."

आत्यानं तांब्या भरून जवळ ठेवला. तन्मयी तोंड पुसून परत भिंतीशी गेली, आणि त्या संध्याकाळपर्यंत आणखी पाच वेळा. चौथ्या दिवशी ती नऊ मिनिटं उभी राहिली.

पंधराव्या दिवशी केंद्रातल्या डॉक्टर बागवान मॅडमनी घड्याळ सुरू केलं. सहाव्या मिनिटाला तन्मयीच्या कानांत गुणगुण सुरू झाली. सातव्याला समोरची भिंत कडेनं काळी पडू लागली. आत्या खुर्चीतून अर्धी उठली, हात पुढे आले. मग तिनं तेच हात मांडीखाली दाबले आणि त्यांच्यावर बसली.

तन्मयीनं पोटऱ्या आवळल्या, सोडल्या, पुन्हा आवळल्या. श्वास हळू आत, त्याहून हळू बाहेर. काळी कड थोडी मागे हटली. हृदय धडधडत होतं, आणि पहिल्यांदाच तिला त्या धडधडीची भीती वाटली नाही. ते बिचारं तिच्यासाठीच राबत होतं.

"दहा," डॉक्टर म्हणाल्या. "बस आता."

"उभीच राहू का थोडी?"

डॉक्टरांनी परतीच्या जागेवर काट मारली. "राहा की. नाहीतर असं कर, शेजारच्या खोलीत जा. कालच्या यानानं तुझ्यासारखी तीन मुलं उतरलीत. तिघंही पलंगावर आडवी, आणि तिघांच्याही आया उशाशी बसल्यात."

तन्मयीनं वही काखेत मारली. "आयांशी आधी बोलावं लागेल," असं म्हणून ती चालत निघाली.