चेपलेला गंज

भांड्यांच्या दुकानात येणारी माणसं भांडं उलटंसुलटं करून बघतात आणि कुठे जरासं चेपलेलं दिसलं की नाक मुरडून बाजूला सारतात. हा तरुण मात्र अर्धा तास चेपलेलंच भांडं शोधत होता. बोटाच्या पेरानं एकेक गंज, म्हणजे खोलगट पातेलं, वाजवायचा, कान लावायचा आणि मान हलवायचा. टिण्... टण्... टिण्...

मालेगावात माणिकचंदशेठच्या या दुकानात स्नेहा भांड्यांवर मशीननं नावं घालायची. स्टीलवर उमटलेली रेघ पुसता येत नाही, म्हणून तिचा हात कधी हलत नसे. पण आज त्या टणटणीनं तिचं लक्ष पार उडालं.

"काय पाह्यजे तुमाले?"

"आवाज."

"आवाजात काय वरण शिजवता?"

तो मनमोकळं हसला. जवळच्या किन्हीराजा गावचा संघपाल. त्याला गाणं रेकॉर्ड करायचं होतं, तेही ढोलक-कीबोर्डशिवाय. सोयाबीन चाळायची चाळणी होती, माठ होता, फक्त गंज मिळत नव्हता. "नवे गंज सारे एकसारखे बोलतेत. चेपलेला त्याच्या मनानं बोलते."

स्नेहानं काउंटरखालून कुणी न घेतलेला एक गंज काढून दिला. त्यानं टिचकी मारली. खोल आवाज उठला आणि डुलत डुलत विरला... संघपालचा चेहरा असा काही उजळला, की स्नेहा हातातलं काम विसरली. एवढ्याशा आवाजानं एवढा खूश होणारा माणूस तिनं कधी पाहिला नव्हता.

मग तो दर रविवारी येऊ लागला. कधी तिच्या मशीनची घरघर टिपायला, कधी नुसतंच. एकदा काम करता करता ती गुणगुणत होती, ते त्यानं नेमकं ऐकलं.

"तुमी गाता!"

"गात होती... रिठद गावाले जयंतीच्या कार्यक्रमात वरचा सूर फाटला. सारे हसले. मंग सोडलं."

"एका सुरापायी सारं गाणं सोडलं?" तो हळूच म्हणाला. "माह्या गाण्यात म्हना. एकच डाव. बिघडलं तर बिघडलं."

ती आठ दिवस बेचैन होती. पुन्हा फाटला तर? आणि यावेळी हसणारा तो असला तर?

पुढच्या रविवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. शेठ गादीवर डुलक्या घेत होते. संघपालनं मोबाइल उलट्या परातीवर ठेवला, घरून आणलेला गंज जवळ घेतला आणि चाळणीवर बोटं फिरवली. स्नेहानं डोळे मिटले आणि गायला लागली. मांडणीवरची भांडी हलकेच तिच्यासोबत घुमू लागली. ती वर चढली... आणि तिथंच, त्याच जागी, सूर फाटला.

त्याच क्षणी त्यानं गंजावर टिचकी मारली. तो डुलता आवाज तिच्या फाटक्या सुराला असा बिलगला, जणू दोघं ठरवूनच आले होते. ती थांबलीच नाही. गाणं संपेपर्यंत गात राहिली.

"परत घेऊ?" तिनं घाबरत विचारलं.

"राहू द्या." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "हे परत जमनार नाई. कोनालेच."

याच्यासारखा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नसेल, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

मग तो उगाच गंज पुसत बसला.

"यावर नाव घालून द्या ना."

"कोनाचं?"

"जन्मभर घरात ठेवाचा हाय... तर दोघाइचं. माह्यं आन्... तुमचं. म्हंजे, तुमाले चालत असन तर..." बिघडलेल्या आवाजाला कधी न घाबरणारा संघपाल या एका वाक्यात चार वेळा अडखळला.

स्नेहानं गंज आपल्याकडे ओढून घेतला. तिनं मशीन सुरू केलं. 'संघपाल' झोकात उमटलं. मग शेजारी स्वतःचं नाव घालायला घेतलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा हात थरथरला. मात्रा भलतीकडेच गेली.

संघपाल वाकून बघू लागला. "परत घेऊ?" त्यानं खट्याळपणे विचारलं.

स्नेहा लाजली, हसली आणि पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली.

"राहू दे... तुह्याच पायी हाललं ते."