चौकटीतला खिळा

लांबी संपली म्हणून मी रामआळीत गेलो होतो. लांबी म्हणजे लाकडातली भोकं बुजवायचा रंगाऱ्यांचा लगदा. मे महिना होता, डांबर चपलेला चिकटत होतं. डबा घेतला, पॉलिश पेपर घेतला आणि सायकल मारत नाचणे गावातल्या घरी परत आलो.

घर काकांचं. हरिहरकाका, निवृत्त हेडमास्तर. गाव त्यांना वाकून नमस्कार करायचं. मला त्यांची छडी ठाऊक होती. मी डिप्लोमा अर्धवट टाकला तेव्हा सगळ्या थोरामोठ्यांनी मिळून मला नालायक ठरवलं. बाबा गेल्यावर आई काका-काकूंकडे फुकटची स्वयंपाकीण झाली, त्याला मात्र हीच माणसं ‘आधार दिला’ म्हणायची.

नाचण्याचं घर बरीच वर्षं बंद होतं. दोन हजार तीन साली बँकेतला एक बदलीवाला साहेब जागा शोधतोय असं कळलं आणि काकांना ते आठवलं.

“कमी खर्चात नवं दिसायला हवं,” काका म्हणाले. “साहेबाच्या बायकोला आवडलं की झालं. पुढची जागा भाड्यानं गेली, की मागची खोली तुझ्या आईची. चूल वेगळी मांडा हवं तर.”

वेगळी चूल. आईनं तिथल्या तिथे पदर खोचला.

आम्ही दोघंच राबलो. चिऱ्याच्या भिंतींना चुना मारला. आईच्या जुन्या वायलच्या साड्यांचे पडदे शिवले. फळ्यांना फुलाफुलांचा कागद चिकटवला. स्वयंपाकघर अंधारं होतं, तिथं छपरात एक काचेचं कौल बसवलं, तर ओट्यावर उन्हाचा चौकोन पडला. आई त्यात हात धरून उभी राहिली. “इथं मी तांदूळ निवडीन,” म्हणाली. इतक्या वर्षांत तिला ‘मी’ म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

राहिली ती स्वयंपाकघराच्या दाराची चौकट. भाडेकरूंनी कॅलेंडरं आणि पिशव्या टांगायला मारलेल्या खिळ्यांनी ती नुसती चाळण झाली होती. मी पकड घेऊन एकेक उपटत गेलो. उंबऱ्यालगत खाली एक निघेना. काळा, चौकोनी, लोहाराकडून घडवलेला. त्याला तांब्याची तार गुंडाळलेली.

“तो नको रे काढू, शौनक...” आई मागून म्हणाली. “भावजींना विचार आधी.”

“त्यांना विचारून श्वास घेऊ काय आता?”

जोर लावला. खिळा सुटला तेव्हा लाकडातून आवाज आला, कुणीतरी फार वेळ रोखलेला दम सोडावा तसा. भोकाला वास होता. जळलेल्या खोबऱ्याचा, आणि त्याखाली ओल्या लोखंडाचा. मी लांबी दाबून भरली.

सकाळी बघतो तर सगळी भोकं सुकलेली, तेवढ्या एका भोकातली लांबी बाहेर आलेली. आतून बोटानं ढकलावी तशी. पुन्हा भरली, घासली, वरून ऑइलपेंट मारला. आई त्या दारातून जाताना अंग चोरून जायला लागली.

साहेब दुसऱ्या दिवशी यायचा होता, म्हणून तिन्हीसांजेला काका बघायला आले. हातात चांदीच्या मुठीची काठी. पडदे काठीनं उचलून बघितले. “हे कुणाचे नखरे?” स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि थांबले.

“खिळे कुठायत?”

“काढले.”

“खालचा?”

“तोही.”

कानाखाली अशी बसली की तोंडात रक्त आलं. “गाढवा! मांत्रिक घाड्याला पूर्णगडाहून आणून बांधून घेतलं होतं रे ते... तिला...”

“कुणाला?”

बोलली ती आई.

“मालनला. भाडेकरीण होती. जागा सोडत नव्हती.”

“ती विहिरीवर घसरून गेली ना?” मला लहानपणी तेच सांगितलं होतं.

“विहिरीवर नाही. इथं... ह्या दारात. भावजींनी डोकं आपटलं तिचं. मी त्यांचा डबा घेऊन आले होते. ती मरेपर्यंत बघत होते.”

“आणि गप्प बसलीस?”

“तुला घेऊन कुठं गेले असते रे?”

“तोंड बंद!” काका ओरडले. आणि आईवर काठी उगारली.

तेवढ्यात वीज गेली. काचेच्या कौलातून मात्र राखेसारखा उजेड येत होता, त्यात मला काठी दिसली. वर. तिथंच अडकलेली. काका जोर लावत होते, पण हात खाली येत नव्हता. मग मनगट हळूहळू उलट्या बाजूला वळलं आणि ओली फांदी मोडावी तसं मोडलं. काका किंचाळले. जळक्या खोबऱ्याचा वास घरभर भरला.

त्यांची मान पुढे ओढली गेली आणि कपाळ चौकटीवर आदळलं.

एकदा. मग थांबून, पुन्हा. घाई नव्हती. बाई उखळात कांडते ना, तशी लय. घाव... आणि मधे दम खाल्ल्याचा आवाज. घाव... आणि दम. तो दम काकांचा नव्हता, माझा नव्हता. दात उंबऱ्यावर सांडले. नव्या चुन्यावर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या. “वहिनी...” काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा तिला वहिनी म्हणाले असतील. मी पुढे झालो, तर आईनं माझा दंड धरला.

“राहू दे,” ती म्हणाली. “होऊ दे तिचं.”

आवाज थांबला तेव्हा काकांना चेहरा असा राहिला नव्हता.

गावाला सांगितलं, अंधारात उंबऱ्याला पाय अडखळला. थोरामोठ्यांनी माना डोलावल्या. अशी कारणं पटवून घ्यायची त्यांना सवय होती. तेराव्यानंतर मी भिंत पुन्हा रंगवली. साहेबाच्या बायकोला जागा बघताक्षणी आवडली. काकूनं मागची खोली आईच्या नावावर करून दिली, मागितल्याशिवाय. मागच्या दारानं स्वयंपाकघरही आईच वापरते, साहेबांचा स्वयंपाक तीच करते, पगार घेऊन. उन्हाच्या चौकोनात बसून तांदूळ निवडते. गुणगुणते. अंग भरलंय तिचं.

मी तिच्याजवळच राहतो. काम मिळत नाही. डोकं फिरलेलं असतं.

परवा दुपारी आमटीवरून तिच्यावर ओरडलो. ताट भिरकावलं आणि हात वर गेला माझा. मारणार नव्हतो, नुसता गेला.

खाली येईना.

मनगटाभोवती गार, ओलं काहीतरी होतं. माझ्या कानामागे कुणीतरी दम खात होतं. जळक्या खोबऱ्याचा वास आला. आई तांदूळ निवडायची थांबली. तिनं माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. कुणीतरी काही विचारलं असावं तसं.

मग तिनं मान हलवली. नको म्हणून.

पण आधी जरा विचार केला.