हक्काची मुंबई

वीर स्टेशनाबाहेर रिक्षा एकच उरली होती आणि गिऱ्हाइकं दोन. समीक्षा आणि एक उंच, ओलाचिंब तरुण. दोघांच्या बॅगांवर एकाच विमान कंपनीची पट्टी!

"पायलट?" त्यानं विचारलं.

"तुम्हीपण?" ती हसली.

तो बिरवाडीचा ऋत्विक, ती कुडपणची. दोघं त्याच रिक्षात बसले. पावसाची झड आत येत होती, म्हणून तो मुद्दाम कडेला बसला. तिच्या ते लक्षात आलं... आणि आवडलंही.

"मला मुंबई मिळाली," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून. आता सुट्टी पडली की आईकडे."

समीक्षा बाहेर पाहू लागली. मुंबईची जागा तिनंही मागितली होती, पण तिला नकार आला होता. करार साफ होता — नोकरीत जो जुना, त्याला जागा आधी. आणि बोलता बोलता कळलं, ती त्याच्याहून जुनी. कंपनीनं करार धाब्यावर बसवला होता. कुडपणला बाबा एकटे. हरकत घ्यायचीच, असं ठरवूनच ती घरी निघाली होती. पण महाड येईपर्यंत तिचा जीव त्याच्यात गुंतला... आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

मग फोन सुरू झाले. 'तुम्ही'चं 'तू' झालं. एका सुट्टीला तो थेट कुडपणला आला. तिच्या वडिलांनी, महिपतबाबांनी, पडवीत चहा दिला आणि मन मोकळं केलं.

"मुंबई हिच्या हक्काची रे! कोण मागून आलेला बसलाय तिथं, देव जाणे. आनि ही हरकत घ्यायला तयार नाय!"

ऋत्विकनं कप खाली ठेवला. तो अंगणात गेला; ती मागोमाग.

"का नाही बोललीस?"

"तुझी आई..."

"आणि तुझे बाबा? उपकार केलास माझ्यावर?"

"प्रेम केलं!" तिच्या तोंडून निघून गेलं.

तो अंगणाच्या कडेला गेला. समोरची दरी धुक्यानं भरली होती.

"मीही करतो," तो हळूच म्हणाला. "म्हणूनच युनियनकडे तक्रार मी करणार. आज माझ्यासाठी करार मोडला, उद्या कुणासाठीही मोडतील."

"गुवाहाटीला टाकतील तुला!"

"टाकू देत." तो तिच्याकडे वळला. "फक्त... घरी येशील तेव्हा बिरवाडीला उतरून आईला भेटत जाशील?"

समीक्षाचे डोळे भरून आले. तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"जाईन. पण ओळखीची म्हणून नाय जायची हां... सून म्हणून जाईन."