बाजूला हो

टोपलीभर लाकडं आणायची, एवढंच काम होतं. पण आमच्या घरातून बाहेर पडायची एक पद्धत होती. आतून चौकटीवर दोनदा टकटक करायचं, दहा आकडे मोजायचे, मग कडी काढायची. टकटक म्हणजे, ‘मी बाहेर येतोय, बाजूला हो.’ अंगणात असली तर ती काळी अस्वलीण सावकाश उठायची आणि बीच नावाच्या जंगली झाडांमधल्या पायवाटेनं वर निघून जायची. नऊ वर्षांत एकदाही कुरकुर नाही. व्हरमॉन्टमधल्या या गावच्या कचेरीत मी एकतीस वर्षं कारकुनी केली; टकटक ऐकून बाजूला होणारं माणूस तिथं भेटलं नाही.

शेजारचा ओरिन हसायचा. चाळीस वर्षांची दोस्ती. “लेलंड, लेका, बायकोला तरी कधी एवढं विचारलंस का रे?” पण ती कुठल्या वाटेनं जाते, किती वेळात जाते, हे कॉफी पीत नीट विचारून घ्यायचा. मी कौतुकानं सांगायचो. सांगण्यासारखं दुसरं होतं काय माझ्याकडे?

त्या ऑक्टोबरात एका दुपारी धुकं उतरलं होतं. मी टकटक केली. खिडकीतून पाहिलं, ती उठली, वाटेला लागली. मी लाकडं उचलत होतो तेव्हा वर एक बार झाला. शिकारीचे दिवस, बार रोजच व्हायचे. मी टोपली भरली आणि आत आलो.

तिसऱ्या दिवशी ओरिन रश्श्याचं भांडं घेऊन आला. शिकारीतला पहिला वाटा शेजाऱ्याला द्यायचा, ही इकडची रीत. मी दोन वाट्या खाल्ल्या.

“गोडसर लागतंय,” मी म्हणालो.

“बीचची फळं खाल्ली की मांस गोड होतं. मी तर तीन दिवस हेच खातोय.”

माझा चमचा थांबला. “कुठं मारलंस...?”

“वाटेवरच बसलो होतो. तुझी टकटक ऐकली अन् बंदूक उचलली.” तो हसला. “तोंड पाडू नकोस रे. परवाना आहे माझ्याकडे.”

परवान्याचं मला सांगत होता. असे परवाने लिहून देण्यातच माझी हयात गेली. त्याचा राग मला नंतर आला. आधी एवढंच आठवलं, की तिला बाजूला हो म्हणणारा मीच होतो. आणि नऊ वर्षांच्या सवयीनं ती झाली होती.

त्या संध्याकाळी आवाज सुरू झाला. टक. टक. दार उघडलं, कोणी नाही. चौकट तपासली, छप्पर तपासलं, चिमणीत डोकं घातलं. मी जाईन तिथं आवाज तेवढाच जवळ. झोपल्यावर पांघरुणाखाली.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी ओरिनच्या पायरीवर उभा राहिलो.

“हे तूच करतोयस ना?”

“काय करतोय? चळलास की काय म्हाता...”

टक. टक.

ओरिननं दाराकडे पाहिलं नाही. तो माझ्या पोटाकडे पाहत होता. 

“लेलंड... हे तुझ्यातून...”

टक. टक.

हा आवाज माझ्यातला नव्हता. ओरिननं दोन्ही हातांनी पोटावरचा सदरा घट्ट आवळून धरला. पद्धत त्यालाही ठाऊक होती; मीच शिकवली होती. त्याचे ओठ हलू लागले.

“एक...” तो कुजबुजला, “दोन...”

मी पायरीवरून उतरलो, आणि सावकाश बाजूला झालो.