वाघाचा मालक

वामनराव गेले, तेरवी आटोपली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मग त्यांचा मुलगा धनराज कामाला लागला. काम तसं साधंच होतं. मूल गावच्या राईस मिलचे परवाने, विजेचं मीटर, शेताचा सातबारा, हे सगळं बापाच्या नावावरून आपल्या नावावर करून घ्यायचं. माणूस गेला की रडायला दोन दिवस मिळतात, मग कागद मागं लागतात. तर एका सकाळी तो सगळी पिशवी घेऊन राजदीप वकिलाकडे गेला. राजदीप त्याचा शाळेतला दोस्त, त्यामुळे चहा आधी आणि कायदा नंतर.

राजदीपनं सगळं चाळलं, सह्या कुठं करायच्या ते दाखवलं आणि चष्मा काढून विचारलं, "अन् वाघाचं काय?"

"कोणता वाघ?"

"अबे, तुमच्या बैठकीतला. लहानपणी ज्याच्या पाठीवर बसलं का बाबुजी आपल्याले हाणत होते, तो."

धनराजला खरंच सुचलं नव्हतं. जन्मापासून जे दारात उभं आहे त्याचा कागद असतो, हे कोणाच्या ध्यानात येतं? बैठकीत शिरलं की उजव्या हाताला पेंढा भरलेला वाघ. पिवळा रंग विटलेला, काचेचे डोळे, एका कानाला कसर लागलेली. पोरं त्याला वळसा घालून पळायची आणि रंजीता, धनराजची बायको, रोज त्याच्या पायाखालून फडकं फिरवायची.

राजदीपनं समजावलं. वन्यप्राण्यांचा कायदा आला तेव्हा ज्याच्या घरी असं काही असेल त्यानं ते जाहीर करायचं होतं. धनराजच्या आजोबांनी केलं, वनखात्याचा मालकीचा दाखला घेतला. पण दाखला माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की वारसानं कळवायचं आणि आपल्या नावाचा दाखला मागायचा.

"बाबुजीनं मागतला?"

"नाई."

"मधात सरकारनं अजून एक मुदत देली होती. तेव्हा?"

"तेव्हाबी नाई."

राजदीपनं चष्मा पुन्हा चढवला. "मंग झालं. तो वाघ तुहा नाई. विकता येत नाई, कोणाले देता येत नाई, घरात ठेवला तं गुन्हा. आजूबाजूले धाडी पडून राह्यल्या, तू पेपर वाचतं. कोणी खबर देली तं मिल राहीन बाजूले, तू आत जाशीन. आपण होऊन खात्याच्या हवाली कर. मी अर्ज लिहितो."

आता तुम्ही म्हणाल, वामनराव एवढे व्यवहारी, पैशापैशाला कागद करणारे, त्यांनी हाच एक कागद कसा सोडला? ते धनराजला माहीत होतं. त्या दुसऱ्या मुदतीच्या वेळी तो कॉलेजात होता. वामनरावांनी अर्ज आणला, वाघासमोर खुर्ची टाकून भरायला बसले. लांबी लिहिली, रंग लिहिला, कुठं मारला ते लिहिलं. मग 'मालकाचे नाव' आलं आणि पेन थांबलं. बराच वेळ बसले आणि शेवटी उठून गेले. जेवताना म्हणाले, "मले नाई लिवता येत. आत दुसऱ्याची माय आहे."

गोष्ट अशी होती. कायद्याच्या आधीच्या काळी, वैनगंगेच्या पल्याड जंगलातल्या एका टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, जैनी नावाची बाई पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि परत आली नाही. वाघानं नेली. गावकऱ्यांनी झुडपं पालथी घातली. अर्धं लुगडं सापडलं, बाकी काही नाही. त्या वाघानं आणखी माणसं नेली, तेव्हा सरकारनं तो मारायला परवाना दिला आणि धनराजच्या आजोबांनी बंदूक चालवली. कातडं नागपूरला गेलं, वाघ होऊन परत आलं. गावानं पाहिलं, कौतुक केलं आणि विसरलं.

जैनीची लेक बुधरी विसरली नाही. ती तेव्हा लहान होती. मोठी झाल्यावर दर साली, मोह फुलला की, ती मूलला यायची. पानाच्या दोन्यात ओंजळभर फुलं, चिमूटभर हळद, तांब्याभर पाणी. वाघासमोर मांडी घालून बसायची आणि गोंडीत हळूहळू बोलायची. लेकीनं माहेरी येऊन आईला सांगावं तसं. कोणाचं लग्न ठरलं, कोणती गाय व्याली, यंदा तेंदूपानाचं काय झालं. वामनराव त्या वेळी घरातला टीव्ही बंद करायचे आणि दार ओढून बाहेर पडवीत बसायचे. धनराज हसला की म्हणायचे, "हस, तुही माय जित्ती आहे म्हणून."

तेरवीलाही बुधरी आली होती. म्हातारी झाली होती, कमरेत वाकली होती, मुलगा इसरू मोटारसायकलवर घेऊन आला होता. जेवण झाल्यावर तिनं धनराजला बाजूला घेतलं.

"बाबू, तुहा बाप गेला. आता या वाघाले कोणी ना कोणी नेईन. नेतील तं मले आधी सांगजो."

"काऊन बाई?"

"मायले घरी न्याची आहे." ती त्याच्याकडे न पाहता बोलत होती. "मेलेल्याचा जीव आमी पाण्याच्या तांब्यात घरी आणतो, देवाजवळ बसवतो. मायचं राहूनच गेलं. वाघ उभा आहे तोवर माय त्यातून निघत नाई. तो ज्या दिवशी मोडीन नाई तं जळन, त्याच टाईमाले तिले हाक मारा लागते. तेव्हा ते येते... मंग नाई येत. मी मराच्या आधी एवढं झालं पायजे."

"सांगतो बाई," धनराज म्हणाला. मनापासून म्हणाला. इसरूचा नंबरही मोबाईलमध्ये घेतला.

माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. वाईट माणसाचं काय, त्याला झोप येते.

अर्ज गेला. वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, वाघाचं माप घेतलं, फोटो काढले. दाखला वारसाच्या नावाचा नाही, कसर लागलेली, त्यात जुनं विषारी औषध भरलेलं. नियमाप्रमाणे जाळून नष्ट करायचा, असं ठरलं. वाघ टेम्पोत चढवला तेव्हा रंजीता देवघरात जाऊन बसली. बैठकीतली फरशी तेवढ्या जागी वेगळ्या रंगाची निघाली.

मग एका संध्याकाळी वनखात्याच्या साहेबांचा फोन आला. उद्या सकाळी लाकडाच्या डेपोच्या मागं जाळायचं आहे, सहीला या.

धनराजनं लगेच मोबाईलवर इसरूचं नाव काढलं. तेवढ्यात राजदीपचा फोन आला, साहेबांनी त्यालाही कळवलं होतं. "उद्या एकटाच जाय. गाजावाजा नको. टोल्यावरचे लोक आले, पूजापाठ सुरू झाला, का पेपरवाले येतीन. मंग साहेब विचारीन, एवढी वर्षं बिनदाखल्याचा ठेवला कसा. चांगलं होऊन राह्यलं तं होऊ दे."

फोन बंद झाला तरी इसरूचं नाव पडद्यावर होतंच. अंगठा दाबायचीच देर होती. धनराजच्या मनात आलं, म्हातारीला एवढ्या लांबून सकाळी यायला जमायचं नाही. मग आलं, मागाहून सांगू, समजावू. मग आलं, हे सगळं मनाचं समाधान असतं, वाघ काय आणि पेंढा काय. माणसाला एक कारण पुरत नाही तेव्हा तो तीन शोधतो. त्यानं मोबाईल खिशात घातला.

सकाळी वारा अजिबात नव्हता. लाकडं रचली होती, त्यावर वाघ आडवा ठेवलेला. रॉकेल ओतलं, काडी लावली. आधी कातडं आवळत गेलं, मग पेंढ्यानं पेट घेतला. आणि धूर वर गेलाच नाही. जमिनीला चिकटून सरकत आला आणि धनराज उभा होता तिथं येऊन थांबला. बाकी सगळे दोन पावलं मागं सरले. तोही सरला. धूर पुन्हा त्याच्याजवळ आला. त्याला जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि साहेब म्हणाले, "औषध आहे त्यात, तोंडाले रुमाल लावा." त्यानं रुमाल लावला तेव्हा धूर सरला होता. मग त्यानं सही केली.

घरी येऊन आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. कपड्यांचा वास जाईना म्हणून रंजीतानं ते जाळून टाकले. पण तिचं म्हणणं वेगळंच होतं. "हा जळक्याचा वास नाई," ती म्हणाली. "मोहाचा आहे." ऐन थंडीचे दिवस. मोहाला अजून पान गळायचं होतं, फूल कुठलं? धनराजनं तिला वेड्यात काढलं.

बैठकीत कोणी बसेना. पोरं अजूनही त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जात. एका संध्याकाळी वीज गेली. मिल थांबली की मूलमध्ये एवढी शांतता होते की कानात कापूस घातल्यासारखं वाटतं. धनराज इन्व्हर्टर पाहायला बैठकीत गेला आणि दारातच थांबला.

कोणीतरी श्वास घेत होतं.

जनावराचा नाही. थकलेल्या बाईचा. डोक्यावर ओझं घेऊन दूरवरून यावं, पडवीत टेकावं, आणि काही बोलायच्या आधी दम खावा, तसा. आत... बाहेर... आत... बाहेर. मोहाचा गोडसर, डोकं जड करणारा वास दाटून आला होता.

"कोण आहे?" त्यानं विचारलं. "बाई... कोण आहे?"

श्वास चालूच. कान देऊन ऐकावं म्हणून त्यानं स्वतःचा श्वास रोखला. तो आवाजही थांबला. त्यानं श्वास सोडला, तसा पुन्हा सुरू झाला.

रंजीता मेणबत्ती घेऊन आली तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला होता. त्यानं तिला काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून एक झालं, बुधरीचा विचार त्याला सोडीना. इसरूला फोन करायला हातात मोबाईल घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. आधी फोन करायला धीर नव्हता, आता तोंड नव्हतं.

मोह फुलला. आणि एका सकाळी मिलच्या फाटकाशी मोटारसायकल थांबली.

बुधरी दोना आणि तांब्या सांभाळत आत आली. बैठकीच्या उंबऱ्यावर थांबली. रिकाम्या जागेकडे पाहिलं. रंजीता पुढं झाली. धनराजनंच सांगितलं. सगळं सांगितलं, कारणं न देता. "मी फोन नाई केला बाई. करता येत होता. केला नाई."

इसरूचं तोंड लाल झालं. "भाऊ, तुमी जबान देली होती," तो म्हणाला. बुधरीनं त्याला हातानं गप्प केलं. रागावली नाही. रागावली असती तर धनराजला बरं वाटलं असतं.

"जळला तेव्हा धुवा कोण्या बाजूनं गेला?" तिनं विचारलं.

"गेला नाई... माह्याकडेच आला. माह्या अंगावर."

बुधरी त्याच्याकडे बघत राहिली. मग सावकाश खाली बसली. वाघाच्या जागेकडे तोंड करून नाही, त्याच्याकडे तोंड करून. दोना त्याच्या पायाशी ठेवला, हळदीचं बोट फरशीला लावलं, आणि बोलू लागली.

धनराजला गोंडी येत नव्हती. बाजारापुरते चार शब्दसुद्धा नाहीत. पण त्या दिवशी त्याला कळत गेलं. इसरूच्या पोरीचं लग्न जमलं. तांबडी गाय म्हातारी होऊन मेली. गुडघे दुखतात, रानात जाणं होत नाही. वामनराव गेला, चांगला माणूस होता. एकेक गोष्ट त्याला कळत होती आणि प्रत्येक गोष्टीला छातीत काहीतरी होकार देत होतं, त्याला न विचारता.

मग बुधरीनं तांब्या पुढं धरला आणि हाक मारली. एकच हाक, हलकी. आई, चल घरी.

धनराज उठला. आपण उठलो हे त्याला रंजीतानं दंड धरला तेव्हा कळलं. त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. तोंडाचा रंग उडाला होता, डोळे तांब्यातल्या पाण्यावर खिळले होते, आणि रंजीता त्याला दोन्ही हातांनी मागं ओढत होती. "अवो... अवो, कुठी चालले..." दोन्ही पोरं स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती.

बुधरीनं त्याच्याकडे पाहिलं. मग रंजीताकडे. मग पोरांकडे, बराच वेळ. आयुष्यभर ज्यासाठी थांबली ते एका हाकेवर होतं. दुसरी हाक मारली असती तर रंजीताच्या हातात काय राहिलं असतं, हे सांगायला कोणी नको होतं.

तिनं तांब्या उंबऱ्यावर रिता केला. पाणी फरशीवरून वाहत गेलं तसा धनराज मटकन खाली बसला.

"राहू दे," बुधरी मराठीत म्हणाली. "माय एकटी येत नाई. तुलेबी आणते. तुले लेकरं आहेत."

"बाई, मंग तुमची माय..."

"आता नाई होत, बाबू. वाघ जळला तोच टाईम होता." तिनं पदरानं डोळे पुसले. "तू चांगला राहाजो. जेवत जाजो टाईमावर. ते उपाशी गेली होती रानात."

इसरूनं तिला उचलूनच मोटारसायकलवर बसवलं. धनराज भिंतीचा आधार घेत फाटकापर्यंत गेला. त्याला माफी मागायची होती. ती शब्दांत मावणारी नव्हती हे त्याला माहीत होतं, तरी मागायची होती. गाडी सुरू झाली, रस्त्याला लागली, म्हातारीची वाकलेली पाठ लहान होत गेली.

त्यानं तोंड उघडलं, आणि त्यातून निघाली ती माफी नव्हती. एक हाक होती, बायकी आवाजातली, अंगणात खेळणाऱ्या लहानग्या पोरीला संध्याकाळी घरात बोलवावं तशी. मिलवरच्या बाया धान पसरता पसरता थांबल्या. रंजीता त्याला आजही विचारते, तुमी काय म्हटलं? त्याला सांगता येत नाही.

पण गाडीवर मागं बसलेल्या बुधरीनं, वळून न पाहता, लहान मुलीसारखा हात वर केला.