तिसऱ्यांदा नापास होण्याआधी

दानेश्वरी आणि संगमेशची ओळख झाली ती एका चालू राहिलेल्या माईकमुळे.

दूध संघानं त्या वर्षी सगळं प्रशिक्षण ऑनलाईन केलं होतं. कोल्हापूरच्या कार्यालयात बसून दानेश्वरी दुधाची तपासणी शिकवायची आणि जिल्हाभरातले कर्मचारी आपापल्या केंद्रांवरून शिकायचे, म्हणजे मोबाईल चालू ठेवून चहाला जायचे. स्क्रीनवर मॅनेजर हंबीररावांच्या चौकोनात तर कायम छताचा पंखाच दिसे. हजेरी पंख्याची लागायची.

त्या दिवशी फॅटचा धडा रंगात आला असताना मलकापूरच्या चौकोनातून खणखणीत आवाज आला, "आक्का, गप की जरा. मॅडमचा आवाज लई ग्वाड हाय... धडा काय डोस्क्यात शिरंना."

सगळा जिल्हा गप्प झाला. पंखासुद्धा दचकल्यासारखा वाटला.

"संगमेश," दानेश्वरी शांतपणे म्हणाली, "माईक बंद करा."

त्यानं माईक बंद केला, कॅमेराही बंद केला आणि धड्यानंतरच्या परीक्षेत तो नापास झाला.

नापासांसाठी सोमवारी शंकांचा तास असे. तिथं तो एकटाच आला. बाकी सगळे पास होते.

"ग्रुपवर उत्तरं फिरली म्हणे. तुम्हाला आली नव्हती?"

"आलती की."

"मग?"

"मला शंका हुत्या." तो म्हणाला. "दुधात पाणी किती ते कळतंय मॅडम. पर माणसाच्या बोलण्यात किती, ते कसं बघायचं?"

"त्याला यंत्र नाही. माणूस समोर बसवून बघावं लागतं," ती म्हणाली. "तुमच्या बोलण्यात किती आहे?"

"निव्वळ म्हशीचं हाय."

ती हसली नाही. फक्त तिनं वहीत डोकं घातलं, आणि वही कोरी होती.

तो दुसऱ्यांदाही नापास झाला. दर सोमवारी दानेश्वरी झुमके घालू लागली; कॅमेऱ्यात खांद्याच्या वरचंच दिसतं, म्हणून खर्च तिथंच.

मग एकदा हंबीरराव सहज म्हणाले, "मलकापूरचं पोरगं तिसऱ्यांदा नापास झालं की त्याची सुपरवायझरची जागा गेली. आमचा भाचा पास हाय."

तिनं लगेच फोन लावला. "उद्याच्या परीक्षेत पास व्हा."

"मग सोमवारचं काय?"

पलीकडं म्हशीचं रवंथ ऐकू येत होतं.

"पास झालेल्यांना प्रमाणपत्र घ्यायला कोल्हापूरला यावं लागतं," तिनं ठोकून दिलं. असा नियम नव्हता. पण संघातले बरेच नियम असेच जन्मले होते.

संगमेशला पैकीच्या पैकी पडले. आणि तिच्या ध्यानात आलं... प्रमाणपत्र तर आपोआप मोबाईलवर जातं. गेलंही असेल. आता कशाला येतोय तो?

सोमवारी दारात एक इस्त्रीचा शर्ट उभा राहिला. एसटीनं इस्त्री मोडली होती.

"प्रमाणपत्र मोबाईलवर आलं की, मॅडम."

"मग आलात कशाला?"

"समोर बसवून बघावं लागतंय, म्हणालता."

तिनं खुर्ची पुढं ओढली. तो बसला आणि गप्प झाला.

"आता का गप्प?"

"माईक बंद हाय."

"मग चालू करा की."

त्यानं टेबलाकडं बघितलं, झुमक्यांकडं बघितलं. "आवाज ग्वाड हाय, हे खरंच हाय... पर निस्ता आवाजच न्हाय."

दानेश्वरीनं त्याच्याकडं नीट, तपासणीला दूध बघावं तसं बघितलं. "पाणी नाही यात," ती हळूच म्हणाली.

हंबीरराव चहाचा कप घेऊन दारातच थबकले होते. त्या दिवशी ते पहिल्यांदाच पूर्ण तासाला हजर राहिले.