शनिवारचं जेवण

बसमधून उतरता उतरता तिच्या पिशवीचा बंद तुटला आणि आठवडाभर राबून भरलेले सात डबे फुटपाथवर चहूकडे पळाले. एक तर थेट गटाराच्या तोंडाशी जाऊन थांबला. ती नुसती बघत उभी राहिली. वाकण्याइतकंही त्राण अंगात नव्हतं.

"साडेचार किलो," मागून कुणीतरी म्हणालं.

"काय?"

"पिशवी. साडेचारच्या आसपास असणार. त्या बंदाला झेपणार नव्हतंच." किंचित पोक काढून चालणारा एक उंच माणूस गटाराजवळचा डबा उचलून स्वतःच्या रुमालाने पुसत होता. मग एकदम ओशाळला. "माफ करा हं… सवय. वजनमापांचा निरीक्षक आहे मी. बाजारातले काटे तपासतो."

"मग माझ्यावरही खटला भरा," ती म्हणाली.

तो हसला. किती दिवसांनी आपल्या बोलण्यावर कुणीतरी हसलं, असं तिच्या मनात येऊन गेलं… आणि मग तिने घड्याळ बघितलं.

घड्याळ बघणं हाच तिचा शनिवार होता. बाकीचे सहा दिवस ती एका प्रयोगशाळेत दिव्याखाली मान मोडून कवळ्या बनवायची. तिथे परक्यांच्या हिरड्यांचे साचे, मेणाचा वास आणि नखांत बसलेली पांढरी भुकटी. सातव्या दिवशी दोन तासांचा बसप्रवास करून बाबांकडे. बाबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले, अठ्ठ्याहत्तरीचे. उभा जन्म या गावाच्या गल्ल्या पायांनी मोजलेला माणूस आठ महिन्यांपूर्वी जिन्यात घसरला, आणि तेव्हापासून त्यांनी दुसऱ्या मजल्याचा उंबरा ओलांडला नव्हता. तिच्याकडे यायलाही तयार नव्हते. "तुझ्या त्या खुराड्यात मी पाय कुठे पसरू?" हे ठरलेलं उत्तर.

मग ती यायची. डबे फ्रिजमध्ये रचायची, चादरी बदलायची, गोळ्या वारांप्रमाणे लावायची, बाबांची नखं कापायची… आणि साडेपाचची बस पकडायची.

त्यानंतरच्या शनिवारी तो पुन्हा दिसला. त्याच्याही पुढच्या शनिवारी बाबांकडचं आवरून ती चारलाच थांब्यावर आली, तेव्हा त्याने तिला अडवलंच.

"जेवलात?"

"सकाळी चहा घेतलाय."

"मी जेवणाचं विचारलं. बस यायला दीड तास आहे, चला."

बाजाराच्या मागच्या बाजूला एक खानावळ होती. सहा टेबलं, काळाकुट्ट तवा आणि पदर खोचून त्याच्यासमोर उभी असलेली मालकीण. गावच्या तळ्यातला मासा तव्यावर चुरचुरत होता. पुढ्यात आला तो कडेने कुरकुरीत, आतून लोण्यासारखा. सोबत वाफाळता रस्सा आणि जाड कापलेला पाव. पहिल्या घोटाबरोबर तिच्या खांद्यांतून काहीतरी सैल झालं. तिने मान वर केली तेव्हा ताट लख्ख झालं होतं.

"या गावात लहानाची मोठी झाले, पण इथे कधी आले नव्हते," ती खजील होत म्हणाली.

"गावातली माणसं असंच करतात. एक विचारू? बोलताना तुम्ही समोरच्याच्या दातांकडे बघता का हो?"

"बघते. तुमचा वरचा डावा सुळा थोडा फिरलेला आहे."

"अरेरे. आणि?"

"आणि…" तिने पावाचा तुकडा मोडला. "बरा दिसतो."

तो पाणी पीत होता, त्याला ठसका लागला. मालकीण तव्यामागून गालातल्या गालात हसली.

मग ते नेमाचंच झालं. तो काटे तपासून यायचा, ती बाबांकडून. तो चाळिशीचा होता, एक संसार मोडलेला. हे त्याने दुसऱ्याच भेटीत सांगून टाकलं होतं, उगाच नंतर कळायला नको म्हणून. आठवड्यातला तो दीड तास तिच्या इतका अंगवळणी पडला की बाबांच्या चादरी ती जरा भरभर बदलू लागली.

एका शनिवारी फ्रिज पुसताना तिने भाजीचा खालचा खण उपसला. कोबीच्या मागे तिचे पाच डबे. जसे भरले होते तसे.

"बाबा, हे काय? कवळी टोचतेय का? पुन्हा घासून देऊ?"

"कवळी उत्तम आहे. तुझ्या हातची आहे."

"मग डबे का पडलेत?"

बाबा खिडकीकडे बघत राहिले. "एकट्याने गिळवत नाही गं, ठमे." ते तिला लहानपणापासून ठमीच म्हणायचे. "तू येतेस, डबे रचतेस, घड्याळ बघतेस. आपण दोघं शेवटचं एकत्र कधी जेवलो, सांग बरं?"

तिला आठवेना. मागच्या शनिवारी खानावळीत काय काय खाल्लं, ते मात्र घासाघासानिशी आठवलं. कानशिलं तापली तिची.

त्या दिवशी ती खानावळीत गेली, पण ताटाला हात लावला नाही. रस्सा तसाच निवत गेला.

"मी इथे बोटं चाटत होते," ती म्हणाली, "आणि ते तिकडे…"

त्याने समजूत घातली नाही. तिचं न शिवलेलं ताट हलकेच बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "त्यांना इथे आणू या."

"दोन मजल्यांचा जिना आहे. ते घाबरतात. मीही घाबरते."

"मध्ये टेकायला जागा आहे?"

"चौक आहेत… दर वळणावर."

"मग एक स्टूल लागेल. ते मी धरतो." तो पेला उगाचच फिरवत राहिला. "फक्त पुढच्याच शनिवारी करू. नंतर एकच शनिवार उरतो. माझी बदली झालीय… इथून पाच तासांवर."

ती नुसतं "बरं" म्हणाली. बसमध्ये मात्र तिने पूर्ण वेळ खिडकीकडे तोंड करून ठेवलं.

पुढच्या शनिवारी बाबांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "हा कोण?"

"मित्र आहे माझा."

"स्टूल घेऊन फिरतो?"

"आज फिरतोय," तो म्हणाला. "बाजारामागे तळ्यातला मासा मिळतो. ताजा. येता?"

बाबांनी आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं. ती 'राहू द्या' म्हणणार, एवढ्यात ते म्हणाले, "माझे बूट कुठे ठेवलेत तू?"

उतरायला अर्धा तास लागला. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने तिचा दंड. तिच्या दंडावर त्यांची पाच बोटं उमटली. खानावळीच्या दारात मालकीण हातातलं उलथनं तसंच धरून धावत आली.

"टपालकाका! अहो, माझं लग्न ठरल्याचं पत्र तुम्हीच तर आणलं होतंत!"

"मग? नवरा कुठाय तो?"

"आत भांडी घासतोय."

"म्हणजे पत्र योग्य पत्त्यावर पडलं," बाबा म्हणाले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसले.

मग त्यांनी एक अख्खा मासा संपवला. मान खाली घालून, काटे ताटाच्या कडेला ओळीने मांडत. तीही त्यांच्या शेजारी बसून जेवली. मध्येच बाबांनी आपल्या ताटातला मऊ तुकडा न बोलता तिच्या ताटात सरकवला. साडेपाच कधी वाजून गेले, कुणाला कळलंच नाही.

परत चढताना पहिल्याच चौकात बाबांना धाप लागली. ते स्टुलावर बसले आणि डोळे मिटून घेतले. ती आणि तो दोन बाजूंना भिंतीला टेकून उभे.

"पुढच्या शनिवारी तुमचं शेवटचं…" ती म्हणाली.

"काम शेवटचं. तिकडे मला शनिवारी सुट्टी असेल. पहाटेची एक बस आहे इकडे. चौकशी केलीय मी."

"पाच तास यायचं, पाच तास जायचं? माशासाठी?"

"माशासाठी कोण येतंय…" तो म्हणाला, आणि बुटांकडे बघू लागला.

जिन्याच्या झरोक्यातून वारा आला. तिने कपाळावरचे केस मागे सारले. "खरं सांगते, मी दमलेय हो. नुसती आजची नाही, कितीतरी दिवसांची. घरी गेल्यावर चपला काढायचा कंटाळा येतो. मला नटणं, रुसणं, मनधरण्या… काही जमायचं नाही."

"मला कुठे जमतंय? तुम्ही दमून बसाल, मी शेजारी बसेन. तेवढं मला येतं." त्याने बुटांवरची नजर उचलली. "आणि… मला तेवढंच हवंय. तुमच्याच शेजारी."

"मी झोपलोय," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "माझ्याकडे लक्ष देऊ नका."

तिला हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरून आले. ते पुसायचंही तिने टाळलं. बाबांच्या डोक्यावरून हात पुढे केला आणि त्याची बाही हळूच धरली.

"ये तू," ती म्हणाली. "दर शनिवारी ये."

बाहीवरच्या तिच्या बोटांवर त्याने आपला हात ठेवला फक्त.

बाबांनी एक डोळा उघडला, दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि कठड्याला धरून उठू लागले.

"चला आता," ते म्हणाले, "उरलेला जिना काही आपणहून खाली येणार नाही."